पिठ्या ढेकूण आणि त्याच्या अंगातली माशी: दोघांतले जिवाणू वेगवेगळे कसे ओळखायचे

एनासियस ही गांधीलमाशीच्या गटातली, जेमतेम दोन मिलिमीटरची काळी माशी. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाच्या अंगात ती अंडं घालते, तिची अळी ढेकणाला आतून खाते, ढेकणाची कातडी कडक तपकिरी ममी होते आणि साधारण दोन आठवड्यांत ममीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. या दोघांच्या अंगात कोणते जिवाणू राहतात आणि त्यातले कोणते सामाईक आहेत, हे पाहणं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) स्वस्त झाल्यापासून एमएस्सीच्या प्रबंधातही बसू लागलं आहे. अडचण एकच. माशीच्या ट्यूबमध्ये सापडलेला जिवाणू माशीचाच असतो असं नाही. तो खाल्लेल्या ढेकणाचा असेल, पाजलेल्या मधातला असेल किंवा डीएनए काढायच्या किटमधला असेल. हे तिन्ही वेगळे पडतील अशी आखणी नमुने गोळा करण्याआधी झाली नसेल, तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळे करून देत नाही.

खालची पद्धत स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, पीसीआर यंत्र (डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणारं) आणि उणे २० अंशांचा फ्रीजर असलेल्या प्रयोगशाळेसाठी आहे. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यायचं.

जोडी आणि तिची नावं

पिठ्या ढेकूण म्हणजे फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं आणि २००५ नंतर भारतात कपाशीवर त्याचे उद्रेक झाले. कपाशी नसली तरी जास्वंद, भेंडी आणि गाजर गवतावर तो मिळतो. माशीचं वर्णन २००९ मध्ये एनासियस बंबावालेई या नावाने झालं. पुढे ती आणि एनासियस ॲरिझोनेन्सिस एकच असल्याचं ठरलं, त्यामुळे जुने शोधनिबंध शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात.

ढेकणाच्या पोटात जिवाणूंसाठी एक स्वतंत्र अंडाकृती अवयव असतो. त्यातला ट्रेम्ब्लाया फिनॅकोला हा जिवाणू ढेकणाला रसातून न मिळणारी अमिनो आम्लं पुरवतो आणि आईकडून अंड्यात जातो. लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात तर ट्रेम्ब्लायाच्या पेशीच्या आत आणखी एक जिवाणू राहतो. ते प्रकरण गुंतागुंतीचं असल्याने पहिल्या कामासाठी कपाशीवरचा ढेकूणच बरा.

कोणत्या अवस्था घ्यायच्या

सगळ्यात जास्त विचार इथेच करा. या गटातल्या माश्यांच्या अळीचं मधलं आतडं मागच्या आतड्याला अळीपण संपेपर्यंत जोडलेलं नसतं. म्हणजे अळी म्हणजे तोंड उघडं आणि बूड शिवलेलं पोतं. ढेकणाचं जे काही खाल्लं, ते सगळं तिच्यातच साठत जातं. कोषात जाण्याच्या सुमाराला दोन्ही आतडी जोडली जातात आणि साठलेली विष्ठा एकदाच बाहेर पडते. जुनी ममी फोडली की आत तिचे गडद दाणे दिसतात.

म्हणूनच अळीचा डीएनए काढून 'माशीत ट्रेम्ब्लाया सापडला' असं लिहिलं तर परीक्षक पहिल्याच वाचनात ते खोडून काढेल. ट्रेम्ब्लाया अळीत सापडणारच, तिने तो खाल्लेला आहे. कोणता जिवाणू विष्ठेबरोबर गेला आणि कोणता मागे राहिला, हे कळण्यासाठी पुढचे गट लागतात.

पहिला गट कधीच माशी न लागलेल्या ढेकणांचा. दुसरा अळीचा, ढेकूण फोडून बाहेर काढलेल्या. तिसरा कोषाचा, विष्ठा टाकून झालेल्या. चौथा ममीत मागे उरलेल्या दाण्यांचा आणि सालपटाचा. हा गट बहुतेक जण विसरतात, आणि अळीत होतं पण माशीत नाही ते कुठे गेलं याचं उत्तर नेमकं यातच असतं. पाचवा ममीतून नुकत्याच निघालेल्या, काहीही न खाल्लेल्या माशीचा. सहावा दोन दिवस साखरपाणी प्यायलेल्या माशीचा. नर आणि मादी वेगळे ठेवा. वोल्बाकियासारखे जिवाणू आईकडून पिल्लांत जातात आणि लिंगाच्या गुणोत्तरात ढवळाढवळ करतात, तेव्हा दोघांना एकत्र कुटलं तर तोच मुद्दा हातचा जातो.

प्रत्येक गटाचे किमान सहा नमुने वेगवेगळ्या झाडांवरच्या किंवा वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या ढेकणांपासून घ्या. एकाच फांदीवरचे सहा ढेकूण बहुधा एकाच कुटुंबातले असतात, त्यांना सहा स्वतंत्र नमुने म्हणता येत नाही.

गोळा करणं आणि वाढवणं

ढेकणाने लगडलेल्या फांद्या कागदी पिशवीत आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो, चिकट स्रावावर बुरशी धरते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बुरशीचे सोबती जिवाणू मोजत बसता. पिशवी थंड पेटीत ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. झाड, तारीख, ठिकाण आणि शेवटची फवारणी कधी झाली हे पिशवीवरच पेन्सिलीने लिहा; बॉलपेन आणि स्केचपेनची शाई अल्कोहोलचा थेंब पडताच पसरते.

प्रयोगशाळेत ढेकूण लाल भोपळ्यावर वाढतो. देठासकट भोपळा घ्या, धुवा, ०.१ टक्का कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवा आणि जिथे साल खरचटली आहे तिथे वितळलेलं पॅराफिन लावा. जखम उघडी राहिली की भोपळा तिथूनच सडतो. त्यावर पिल्लं सोडली की २७ अंशांच्या आसपास तीन-चार आठवड्यांत माद्या तयार होतात. सगळ्या गटांचे ढेकूण एकाच खाद्यावर वाढलेले असावेत. एक गट जास्वंदीवरचा आणि दुसरा भोपळ्यावरचा असेल, तर तुम्ही झाडांचा फरक मोजाल आणि नाव माशीचं घ्याल.

माश्या लावताना तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं आणि कोवळ्या माद्या निवडा. माश्या २४ तास सोडा आणि मग काढून घ्या, म्हणजे सगळ्या अळ्यांचं वय एका दिवसाच्या फरकात राहतं. तापमान २७ अंश, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास. ममी दिसू लागल्या की प्रत्येक ममी वेगळ्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये ठेवा. औषधाच्या दुकानात मिळणारी रिकामी शून्य नंबरची कॅप्सूल पुरते. माशी कॅप्सूलमध्येच निघते, त्यामुळे ती कशालाही तोंड लावण्याआधी हाती लागते.

मित्रकीटकांच्या प्रयोगशाळांत माश्यांना मधाची रेघ ओढून देतात. या कामात मध नको. मधात बॅसिलसचे बीजाणू आणि मधमाशीच्या आतड्यातले जिवाणू असतात, आणि ते माशीच्या यादीत रुबाबात जाऊन बसतात. त्याऐवजी २० टक्के साखरेचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, निर्जंतुक कापसाच्या बोळ्यावर द्या आणि बोळा रोज बदला. वापरलेला एक बोळाही नमुना म्हणून साठवा.

शेतातून आणलेल्या ममीतून प्रोमस्किडिया ही दुसरी माशीही निघते. ती एनासियसवरच जगणारी, म्हणजे परोपजीवीची परोपजीवी. घाईत ट्यूबमध्ये सगळं एकत्र टाकलं तर निकालात तिसऱ्याच कीटकाचे जिवाणू येतात. प्रत्येक माशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच बंद करा, आणि त्याच लॉटमधल्या काही अखंड माश्या ओळख पटवण्यासाठी वेगळ्या ठेवा. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत या गटाचे जाणकार आहेत.

धुणं

अल्कोहोलने जिवाणू मरतो, पण त्याचा डीएनए कातडीवर तसाच राहतो आणि पीसीआरला मेलेल्या-जिवंतातला फरक कळत नाही. डीएनए मोडतो तो सोडियम हायपोक्लोराइटने. तेव्हा दोन्ही लागतात, आणि तेही क्रमाने.

ढेकणाच्या अंगावर मेण असल्याने नुसतं पाणी गोळे होऊन घसरतं. आधी ०.१ टक्का ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या पाण्यात हलकेच हलवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये ३० सेकंद, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याच्या तीन वेगळ्या ट्यूबमध्ये प्रत्येकी एक मिनिट. माशीसाठी हायपोक्लोराइट २० ते ३० सेकंदांच्या वर नको. ती लहान आहे, द्रावण तोंडातून आणि गुदातून आत शिरलं तर ज्यासाठी खटाटोप केला तेच धुऊन निघतं. माशी पाण्यावर तरंगते. उघड्या वाटीत ती नीट भिजत नाही, म्हणून १.५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये झाकण लावून उलटसुलट करा. हायपोक्लोराइटचं द्रावण त्याच दिवशी करा. बाजारातली बाटली उघडून महिने झाले असतील तर लेबलवरचा आकडा खरा धरू नका.

शेवटचं धुवण फेकू नका. त्यातलं १०० मायक्रोलिटर नमुन्यासारखंच पुढे न्या. पीसीआरनंतर जेलवर त्यात जिवाणूंच्या डीएनएचा पट्टा उमटला तर धुणं अपुरं झालं.

नमुने लगेच वापरायचे नसतील तर ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये उणे २० अंशांवर ठेवा. ७० टक्क्यांतलं पाणी डीएनए हळूहळू खराब करतं. संग्रहालयातले फॉर्मॅलिनमधले नमुने या कामाचे नाहीत.

अळी बाहेर काढणं

माशी काढून घेतल्यापासून साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, ममी कडक होण्याच्या आत, धुतलेला ढेकूण निर्जंतुक फॉस्फेट बफरच्या थेंबात ठेवा. एका सुईने डोक्याकडून दाबा, दुसऱ्या सुईने मागच्या बाजूची कातडी फाडा. अळी पांढुरकी, अर्धपारदर्शक असते आणि आत भरलेलं आतडं गडद दिसतं. ती फुटू न देता बारीक चिमट्याच्या टोकावर तरंगत उचला, चिमटीत धरू नका. बफरच्या तीन ताज्या थेंबांतून तिला एकेक करून न्या. तिसरा थेंब ढगाळ दिसला तर आणखी दोन थेंब. या थेंबाचाही एक नमुना राखून ठेवा, कारण ढेकणाचा अवयव फुटला की त्यातला ट्रेम्ब्लाया अळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटतो आणि तो आतला की बाहेरचा हे नंतर सांगता येत नाही. दोन ढेकणांच्या मध्ये सुया १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये बुडवून पाण्याने धुवा. नुसतं अल्कोहोल पुरत नाही.

डीएनए आणि कोरे नमुने

एका माशीतून फार तर दोन अंकी नॅनोग्रॅम डीएनए मिळतो आणि त्यातला बहुतेक माशीचाच असतो. जिवाणूंचा वाटा इतका थोडा की किटमधल्या जिवाणूंचा डीएनए त्याच्या बरोबरीला येतो. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम, स्फिंगोमोनास, मिथायलोबॅक्टेरियम ही नावं यादीत वर दिसली की आधी किटवर संशय घ्या, मग कीटकावर.

स्तंभ असलेला कुठलाही चांगला ऊती-किट चालतो, पण सगळ्या नमुन्यांसाठी एकाच लॉटचा. नमुना ०.१ मिलिमीटरच्या मण्यांसह कुटा, लायसोझाइम घालून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, नंतर प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर तीन तास. लायसोझाइम वगळलं तर जाड भिंतीचे जिवाणू फुटत नाहीत आणि यादीतून गायब होतात. शेवटी २०० नव्हे, ३० ते ५० मायक्रोलिटरमध्येच डीएनए उतरवा. मोजमाप क्यूबिट या डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर करा. इतक्या कमी प्रमाणात नॅनोड्रॉप या दुसऱ्या यंत्राचा आकडा भ्रामक असतो.

दर ११ नमुन्यांमागे एक कोरा नमुना, म्हणजे कीटक न घातलेली ट्यूब, अथपासून इतिपर्यंत न्या. गट एकेका दिवशी उरकू नका. सोमवारी सगळे ढेकूण आणि मंगळवारी सगळ्या माश्या केल्या, तर दिवसांचा फरक आणि कीटकांचा फरक एकमेकांत कायमचा मिसळतो. नमुन्यांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाका आणि त्या क्रमाने काम करा. कोऱ्या नमुन्यात जेलवर पट्टा दिसला नाही म्हणून तो सिक्वेन्सिंगमधून वगळण्याचा मोह होतो. पैसे वाचवायचे असतील तर एखादा कीटक कमी करा, कोरा नमुना नको.

सिक्वेन्सिंगला पाठवण्याआधी सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६-एस जनुकाची क्यूपीसीआर करा. ही डीएनए किती आहे ते मोजणारी पीसीआर; डीएनए जास्त तितका संकेत कमी चक्रांत येतो. न खाल्लेल्या माशीचा आकडा कोऱ्या नमुन्यापेक्षा ३.३ चक्रांनी आधी येत असेल तर तिच्यात दहापट जिवाणू आहेत. फरक एक-दीड चक्राचाच असेल तर त्या माशीत मोजण्याजोगा जिवाणूसमूह नाही असं समजा. हाही निकालच आहे, पण तो लिहिण्याचं धैर्य फार थोडे दाखवतात.

वोल्बाकियाची स्वतंत्र चाचणी

सिक्वेन्सिंगची वाट न पाहता ही चाचणी आधी उरकता येते. वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकाचे ८१-एफ आणि ६९१-आर हे प्रायमर (पीसीआरमध्ये नेमका तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे), ५५ अंशांवर जोडणी, ३५ चक्रं, सुमारे ६०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) पट्टा. पॉझिटिव्ह नमुना फुकट मिळतो: घरात संध्याकाळी घोंघावणारा क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस डास जवळजवळ सगळीकडे वोल्बाकिया घेऊन फिरतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीमध्ये तो निसर्गतः सहसा नसतो, तेव्हा तो निगेटिव्हला चालतो.

प्रत्येक नमुन्यावर कीटकाच्या सीओआय जनुकाचीही पीसीआर लावा. पट्टा सुमारे ७०० बेसचा. तो आला आणि डब्ल्यूएसपी आला नाही, तरच 'वोल्बाकिया नाही' म्हणता येतं. दोन्ही आले नाहीत तर डीएनएच खराब आहे. वोल्बाकियाच्या काही वाणांवर ८१-एफ नीट बसत नाही, म्हणून निगेटिव्ह नमुन्यांवर त्याच्याच एफटीएस-झेड जनुकाचे प्रायमरही वापरून पाहा.

उलटी चूकही होते. निरोगी दिसणाऱ्या ढेकणात वोल्बाकिया सापडला, आणि प्रत्यक्षात त्याच्या पोटात माशीचं अंडं होतं. शेतातल्या ढेकणांवर हे सर्रास घडतं. त्यांच्या डीएनएवर माशीच्या सीओआयशीच जुळणारे प्रायमर वापरून खात्री करा, किंवा निरोगी गट बंद पिंजऱ्यातल्या वसाहतीतूनच घ्या.

सिक्वेन्सिंग आणि आकडे

३४१-एफ आणि ८०५-आर हे प्रायमर १६-एस जनुकाचा व्ही३-व्ही४ हा सुमारे ४६० बेसचा तुकडा देतात, तो मायसेक या सिक्वेन्सिंग यंत्रावर ३०० बेसच्या दोन रीडमध्ये (यंत्राने वाचलेल्या तुकड्यांमध्ये) बसतो. पीसीआरची चक्रं ३० च्या आत ठेवा. ढेकणाच्या नमुन्यात ९० टक्के रीड एकट्या ट्रेम्ब्लायाचे निघाले तर ५०,००० पैकी ५,००० च बाकीच्या सगळ्यांसाठी उरतात. तो हिशेब धरूनच नमुन्यामागे किती रीड हवेत ते मागा.

दोन्ही टोकांना वेगळे, जोडीने एकमेव असे इंडेक्स (रीड कोणत्या नमुन्याचा ते सांगणाऱ्या खुणा) मागा. नाहीतर एकाच लेनमध्ये धावणाऱ्या ढेकणाच्या नमुन्यातले ट्रेम्ब्लायाचे थोडे रीड माशीच्या नावावर जातात. लाखभर रीडमधले शंभर-दोनशे गळाले तरी माशीत 'अल्प प्रमाणात ट्रेम्ब्लाया' दिसतो, आणि शोधनिबंधाचं शीर्षक तयार होतं.

विश्लेषण क्विमे-२ या सॉफ्टवेअरमध्ये किंवा आर या संगणकभाषेत डाडा-२ वापरून करा, जिवाणूंच्या नावांसाठी सिल्व्हा हा संदर्भसाठा. दोन सापळे लक्षात ठेवा. ढेकूण रस पितो, त्यामुळे हरितलवकाचे आणि मायटोकाँड्रियाचे रीड काढावे लागतात. पण सिल्व्हात मायटोकाँड्रिया हे रिकेट्सिएलिस या गणातलं एक कुळ म्हणून बसवलेलं आहे, आणि वोल्बाकियाही त्याच गणात आहे. घाईत सगळं रिकेट्सिएलिस गाळलं की वोल्बाकिया बिनबोभाट गायब. गाळणी कुळाच्या पातळीवरच लावा. दुसरा सापळा डीकंटॅम या पॅकेजचा. कोऱ्या नमुन्यांत जे वारंवार दिसतं ते हे पॅकेज काढून टाकतं, आणि ढेकणाचा ट्रेम्ब्लाया शेजारच्या ट्यूबमधून कोऱ्यात शिंतडला असेल तर खऱ्या सोबत्यालाच हाकलतं. काय काढलं ती यादी हाताने तपासा.

टक्केवारीला संख्या समजू नका. वोल्बाकियाच्या पेशीत १६-एस ची एक प्रत असते, बॅसिलस सबटिलिसमध्ये दहा. दोन्ही सारख्याच संख्येने असले तरी बॅसिलस दहापट दिसणार.

ढेकूण आणि माशीत 'सामाईक' म्हणताना प्रजातीचं नाव नव्हे, रीडचा अचूक क्रम जुळला पाहिजे. दोघांत एंटरोबॅक्टर असणं याला अर्थ नाही. क्रम जुळला, तो न खाल्लेल्या माशीत आहे, कोऱ्यात नाही आणि धुवणातही नाही, तर पुढचा प्रश्न विचारा: तो माशीच्या ऊतीत आहे का? त्यासाठी जिवाणूच्या क्रमाशी जुळणारा चमकता प्रोब (डीएनएचा छोटा तुकडा) वापरून फिश, म्हणजे ऊतीतच जिवाणू चमकवून दाखवणारी चाचणी, करा. दोघांच्याही कातडीला स्वतःचीच चमक असते. अल्कोहोलमधल्या ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही दिवस ठेवल्यावर ती उतरते. प्रोब न घातलेला एक कीटक शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही हिरव्या ठिपक्याला जिवाणू म्हणू नका.

नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे असतील, किंवा तिथे शिकणारा कोणी इथले कीटक सोबत नेणार असेल, तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी विचारणा करा. डेटा सार्वजनिक भांडारात टाकताना कोऱ्या नमुन्यांचे आणि धुवणाचे रीडही टाका, नाहीतर पुढच्या माणसाला तुमच्या यादीतले राल्स्टोनिया कीटकाचे की किटचे हे ठरवता येणार नाही.